देवी वेर्ण्याची, पाव बागलकोटचा

फोंडा,
२१ मे २०२३

चि. सर्वेश यास अनेक आशीर्वाद.

आईने कागदावर पत्र का लिहिले, असे तुला वाटेल. घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुझे बाबा चालवतात आणि माझा फोनही चष्मा लावून अधूनमधून तेच तपासतात. मला जे लिहायचे आहे ते बरेचसे त्यांच्याबद्दलच आहे. खालच्या वाड्यावरच्या शालनचा जावई गुरुवारी इंग्लंडात स्विंडनला परत निघतो आहे. त्याच्याकडे तुझे सोले, तोरांचे लोणचे आणि फणसाचे पापड देते, आणि लोणच्याच्या पिशवीत हे पत्र. कागदाला तेलाचा डाग पडला तर वाईट वाटून घेऊ नकोस.

बातमी अशी, की गेले बारा दिवस आपल्या वाड्यावर स्वराज्य होते. काल पहाटे संपले.

पहिल्यापासून सांगते. एप्रिलच्या शेवटच्या आयतवारी ग्रामसभा झाली. बाबा निवृत्त झाल्यापासून ग्रामसभा हेच त्यांचे नाटक. जत्रेच्या नाटकात हल्लीची मुले त्यांना राजाची भूमिका देत नाहीत, प्रधानाची देतात. त्याची कसर ते पंचायतीच्या सभागृहात भरून काढतात. यंदाचा विषय होता भायले, म्हणजे बाहेरचे. ठराव असा, की आपल्या पंचायतीत परप्रांतीयांना खोल्या भाड्याने देऊ नयेत, गाडे घालू देऊ नयेत आणि गोंयकारपण राखावे. एकवीस ओळींचा ठराव, सगळा शुद्ध मराठीत. गोंयकारपण हा एकटाच शब्द कोंकणी, म्हणून त्याला त्यांनी अवतरणात बसवला.

आता ठरावाची पक्की प्रत करायची तर अक्षर चांगले हवे. बाबांचा हात हल्ली थरथरतो. माझे अक्षर तू वाचतोच आहेस. वाड्यावर सुवाच्य मराठी लिहिणारे माणूस एकच उरले आहे, ते म्हणजे भाग्या, आजीला सांभाळणाऱ्या आपल्या शांतव्वाची चौथीतली मुलगी. वसरीवर पालथी पडून, जिभेचे टोक बाहेर काढून तिने अर्धा तास ठराव लिहिला. मध्ये एकदाच मान वर करून विचारले, ‘सर, हकालपट्टीत ट ला ट ना?’ बाबांच्या कच्च्या प्रतीत परप्रांतीयचा ‘ती’ ऱ्हस्व पडला होता, तो तिने न विचारताच दीर्घ केला. बाबांनी तिला दोन मानकुराद आंबे दिले आणि मला कागद दाखवून म्हणाले, ‘अक्षर बघ, अक्षर!’

तुला शाळेचेही सांगायला हवे. बाबांची सरकारी मराठी शाळा अजून चालू आहे. पटावर तेरा मुले. त्यातली दहा कर्नाटकातून आलेल्यांची, एक बिहारच्या माणसाचे आणि दोन आपल्या देवळातल्या भटजींची. भटजी मूळचे कुमट्याचे. म्हणजे मराठी मरते आहे असे बाबा ज्या शाळेकडे बोट दाखवून सांगतात, ती शाळा कानडी आईबापांच्या मुलांनी उघडी ठेवली आहे. आपली मुले कुठे आहेत? फोंड्यात, इंग्रजीत. तीस वर्षे मराठी शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी स्वतःच्या मुलाला टाय बांधून कुठल्या शाळेत पाठवले, हे मी ग्रामसभेत कधी काढले नाही. घरात काढते, पण तेव्हा त्यांना नेमके ऐकू येत नाही.

तर सभा. बाबा चाळीस मिनिटे बोलले. आजोबांनी १९६७च्या जनमत कौलात दोन पानांवर नव्हे, फुलावर शिक्का मारला होता, तेही सांगून झाले. फुलावर म्हणजे महाराष्ट्रात जावे म्हणून. त्याच दमात पुढचे वाक्य असे, की कोल्हापूर-सांगलीच्या घाट्यांनी गोवा भरून गेला! मागून कोणीतरी म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या बापाचे चालले असते तर आपण सगळेच घाटी झालो असतो.’ बाबांनी पाणी प्यायले.

मग निघाला वर्षाचा प्रश्न. भायलो म्हणजे कधीपासूनचा भायलो? ठरावात तारीख हवी, असे सचिव म्हणाले. तारखेशिवाय ठराव वर पाठवला तर परत येतो. कोणी म्हणाले १९८७, घटक राज्य झाले ते साल. कोणी म्हणाले १९ डिसेंबर १९६१. बाबा म्हणाले, असे कमी करत जाऊ नका, मूळचा तो मूळचा. तेव्हा भिकूमामा उठला. तुला आठवतो ना, सभेला येतो तो फक्त चहाला. तो म्हणाला, ‘आमची म्हाळसा म्हार्दोळची न्हय. ती वेर्ण्याची. पोर्तुगीज देवळे मोडू लागले तेव्हा रातोरात जुवारी ओलांडून हांगा आयली. मंगेश कुठ्ठाळचो, शांतादुर्गा केळशीची. तेन्नां हांगा राज्य विजापूरच्या आदिलशहाचे. मूळचे म्हणून धरले तर अंत्रुजेंत, ह्या फोंडा महालांत, एक देव उरचो ना. तांकां खंय धाडप?’

सभागृहात असे शांत झाले, की पंख्याची करकर ऐकू आली. सरपंच बिचारा तरुण आहे, त्याने जे सुचले ते सांगितले: देवांना सवलत. इतिवृत्तात तसे नोंदले आहे. तू येशील तेव्हा दाखवते.

बाबा मात्र हरणारे नव्हेत. ते परशुरामावर गेले. देव सोळाव्या शतकात आले असतील, आपण तर परशुरामाने आणलेले. त्याने बाण मारून समुद्र हटवला आणि त्रिहोत्रपुराहून दहा कुळे आणून इथे वसवली, पोथीत आहे. शिकवायची सवय, म्हणून फोड करून सांगितले, ‘त्रिहोत्र म्हणजे तिरहुत.’ टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला. मंजूर होताना सरपंचांनी ‘यापुढे’ असा एक शब्द घालून घेतला, कारण वर सह्या करणाऱ्या अकरा जणांपैकी आठ जणांच्या परसात भाड्याच्या खोल्या आहेत. आपल्या तीन. ‘यापुढे’ म्हणजे आहेत ते राहू देत, नवीन नकोत. आणि जुने गेले की त्यांच्या जागी येतील त्यांना नवीन म्हणायचे नाही. तुझे पहिले विमानाचे तिकीट त्या तीन खोल्यांच्या भाड्यातून काढले होते, ते मी विसरलेली नाही.

सभा संपली आणि मायकवाला पोरगा वायर गुंडाळत बाबांपाशी आला. नम्र मुलगा. बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘सर, आप भी तिरहुत के हैं? हम मुज़फ्फरपुर के हैं. तिरहुत ही हुआ. इतने साल में पहली बार अपनी तरफ का आदमी मिला.’

तुझे बाबा घरी आले आणि जेवण न करता झोपले. मी विचारले तर म्हणाले, उन्हाने डोके चढले.

यानंतर दहा दिवसांत कर्नाटकाची निवडणूक आली. १० मेला मतदान. शेजारच्या राज्यात मतदान म्हणून आपल्या गोवा सरकारने भरपगारी सुट्टी जाहीर केली! कारखानदार चिडले, विरोधक ओरडले, बाबांनी संपादकांना पत्र लिहिले. मला मात्र त्या सुट्टीचे नवल वाटले नाही. ज्याच्या हातावर घर चालते त्याची सुट्टी ती घराचीच सुट्टी. आपल्याकडे कामवाली गावाला गेली की मी जशी पेज करते, तसे ते.

आठ आणि नऊ तारखेला फोंड्याच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. हुबळी, गदग, बागलकोट. पोरे, पिशव्या, प्लास्टिकच्या बादल्या, एकाच्या हातात तर सिलिंग फॅन होता, बहिणीच्या लग्नासाठी. कारण मत एका दिवसाचे असले तरी मे महिना लग्नांचा. गेलोच आहोत तर लग्ने उरकून, यल्लम्माला नारळ फोडून परत, असा सगळ्यांचा बेत. शांतव्वाही गेली. जाताना आजीच्या गोळ्यांच्या पुड्या बांधून, सकाळ-दुपार-रात्र अशी सूर्य, भाकरी आणि चंद्राची चित्रे काढून ठेवून गेली. माझ्यासाठी चित्रे! मी अकरावी शिकलेली.

पहिल्या दिवशी बाबा खूश. दारापुढच्या बाल्कावात उभे राहून म्हणाले, ‘बघ, रस्ता कसा मोकळा. कचरा नाही, गाडे नाहीत, कानडी गाणी नाहीत. असा होता आपला गोवा.’ आणि पाव आणणाऱ्या पोदेराच्या भोंग्याची वाट बघत चहा घेऊन बसले.

भोंगा वाजलाच नाही. वाजणार कसा? रुझारच्या भट्टीवर आता बागलकोटचे तिघे भाऊ आहेत. रुझारचे मुलगे तुझ्यासारखेच इंग्लंडात, एक तर तुझ्याच गावात. भट्टी रुझारची, नाव रुझारचे, पीठ मळणारे हात तिकडचे. उंडे, कातरे, पोयो, काहीच नाही. बाबा पाऊण तास चहा घेऊन बसले. मग तो थंड चहा त्यांनी बिस्किटाबरोबर घेतला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात घंटा नाही. भटजी कुमट्याला मतदानाला. कुमटा कर्नाटकात, हे सगळ्यांना ठाऊक, पण भटजींना कोणी कधी भायले म्हटले नव्हते, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. देवीला साडेअकरापर्यंत पारोसे ठेवले. शेवटी समितीचे चिटणीस म्हणून बाबांनीच सोवळे नेसून अभिषेक केला. मंत्र अर्धे विसरले, तिथे नाटकातल्या प्रधानाचे वाक्य घातले असे भिकूमामा म्हणतो. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव.

बाकीचे भरभर सांगते. पावसाआधी नळे परतायचे होते, गवंडी नाही. विहीर उपसायची होती, माणूस नाही. शेजारच्या सुमनच्या मुलीचे लग्न, केटररची वाढपी पोरे हावेरीला. पंगतीत वाढायला उभे राहिले दोन निवृत्त बँकवाले आणि एक डॉक्टर. डॉक्टरांनी वरण वाढताना ‘किती मिली?’ असे विचारले म्हणतात. २०२०च्या मे महिन्यात थिवीहून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हाही वाडा असाच रिकामा झाला होता, पण तेव्हा आपणही दारे लावून बसलो होतो. कामे अडली तर रोगावर ढकलता येत होती. यावेळी ढकलायला काही नव्हते.

आता माडाची गोष्ट, जी ग्रुपवर तुला कधीच कळणार नाही. आपल्या कुळागरातले नारळ पिकून गळायला लागले. माडावरून नारळ काढणारा पाडेली हावेरीचा, तो मतदानाला. सुक्या नारळाखाली मुले खेळतात, मला धास्ती. बाबांनी मागे सबसिडीवर माडावर चढायचे यंत्र घेतले होते, आठवते? दोन लोखंडी पायट्या आणि तारेचा फास. एक पाय उचलायचा, फास वर सरकवायचा, मग दुसरा. चार वर्षे ते खोक्यातून बाहेर आले नव्हते. शनिवारी, तिकडचे निकाल लागत होते त्याच दिवशी, सहासष्ट वर्षांचे तुझे बाबा लेंगा खोचून माडाला भिडले. म्हणाले, ‘आपले पूर्वज काय भायल्यांना बोलावत होते?’ आपल्या पूर्वजांनी कधी माडावर पाय ठेवला नाही, हे मी म्हटले नाही. तेव्हाही पाडेली होता, तो फक्त इथला होता आणि त्याला आपण वसरीच्या वर येऊ देत नव्हतो.

पाच फूट चढले. सहाव्या फुटाला उजवी तार अशी आवळली, की वरही सरकेना, खालीही उतरेना. माडाला मिठी मारून उभे. मी खालून म्हटले, उडी मारा. ते म्हणाले, ‘उडी मारायला ही काय विहीर आहे?’ शिडी आणावी तर शिड्या सगळ्या गवंड्याच्या, खोलीला कुलूप, किल्ली त्याच्या कमरेला, कंबर गदगेत. बाबा वरून सूचना देत होते: पंचायतीला फोन कर, अग्निशमन दलाला करू नकोस, ते वर्तमानपत्राला सांगतात. शेवटी रुझारची बहीण इनासीन, बहात्तर वर्षांची, इगर्जीचा दिवा लावायची लाकडी शिडी डोक्यावर घेऊन आली आणि तिने त्यांना कमरेला धरून उतरवले. उतरल्यावर बाबा तिला म्हणाले, ‘थँक्यू इनासीन, गोंयकारच गोंयकाराच्या कामाला येतो.’ ती म्हणाली, ‘मास्तर, परत चडूं नाकात. फाल्यां हांव चल्याकडे लिस्बनाक वतां.’ उद्या मुलाकडे लिस्बनला चालली होती ती.

नारळ एकही पडला नाही. पडला तो रात्री, आपोआप, शौचालयाच्या पत्र्यावर.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. आजीचे मात्र नव्हते.

आजी अठ्ठ्याऐंशीची. तू गेलास तेव्हा तिला तुझे नाव आठवत होते. आता माणसे सुटत चालली आहेत, आणि कोणत्या क्रमाने सुटतात त्याला काही धरबंध नाही. तीन वर्षे शांतव्वा तिला न्हाऊ घालते, भरवते. शांतव्वा गेली त्या संध्याकाळपासून तिने तोंड मिटले. माझ्या हातची पेज नको, बाबांच्या हातचे दूधही नको. बाबा तिच्यासमोर बसले, पूर्वी शाळेत गायचे तशी कविता म्हणून दाखवली. तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितले आणि विचारले, ‘नीनु यारु?’

बाबा माझ्याकडे वळले. ‘काय म्हणते आहे?’

मी तीन वर्षे स्वयंपाकघरात शांतव्वाबरोबर आहे, तेवढी कानडी मला येते. मी म्हटले, विचारते आहे, तू कोण?

पोटच्या मुलाला कानडीत. नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको, एवढे आजी गेले वर्षभर बोलते, बाबांना वाटायचे ती बरळते. आपल्या घरात एक भाषा वाढत होती आणि भाषेचे मास्तर वर्तमानपत्र वाचत होते.

तिसऱ्या दिवशी आजी पाणीही घेईना तेव्हा बाबांनीच शांतव्वाला व्हिडिओ फोन लावला. तिचे गाव बदामीच्या पलीकडे, रेंज अंगणात कडुनिंबाखालीच येते. ती तिथे बसलेली, मांडीवर ताट, आणि शेजारी बाजेवर तिची सासू. सासूलाही ती भरवतच होती. तिने फोन बाजेच्या पायाला टेकवला, सासूच्या तोंडात एक घास घातला आणि इकडे बघून म्हणाली, ‘अज्जी, ऊटा माडु.’ आजीने आ केला. मी पटकन पेजेचा चमचा घातला. तिकडे एक घास, इकडे एक चमचा. पाऊण वाटी गेली.

बाबा फोन धरून उभे होते. हात थरथरतो, म्हणून दुसऱ्या हाताने धरलेला. त्यांनी विचारले, ‘तू इथे असतेस तेव्हा त्यांना कोण बघते?’ तीन वर्षांत पहिल्यांदा विचारले. शांतव्वा म्हणाली, शेजारची एक बाई बघते, तिला महिन्याला पैसे पाठवते. ती बाई कुठली? तीही तिथली नव्हे, दुष्काळात रायचूरकडून आलेली.

मला तेव्हा तुझी ती नव्वदीची इंग्रजीण आठवली, जिला तू दर गुरुवारी आंघोळ घालतोस. तूच फोनवर सांगितले होतेस: टीव्हीवर बातम्या बघून ती तुला म्हणते, तुम्ही सगळे आपापल्या देशात परत जा, आणि लगेच विचारते, पण तू गुरुवारी येणार ना? तू हसत सांगितलेस. मी फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. माझ्या मुलाला कोणी असे बोलते याचा राग यावा की तो गुरुवारी जातो याचे बरे वाटावे, ते ठरेना. तुझ्या स्विंडननेही २०१६ला युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या बाजूनेच कौल दिला होता, नाही का? त्यांचीही ग्रामसभाच ती, मोठी.

आणि पासपोर्टचे तर बोलायलाच नको. बाबांचा जन्म १९५७चा, पोर्तुगीज अमदानीतला, म्हणून लिस्बनला त्यांची नोंद झाली आणि तुला तो लाल पासपोर्ट मिळाला. ज्यांच्या भीतीने देवी वेर्ण्याहून पळाली, त्यांच्याच कागदावर तू फोंड्याहून पळालास. देवी निदान नदीच ओलांडून थांबली.

त्या फोननंतर रोज दोनदा, साडेबारा आणि सात, असा जेवणाचा कार्यक्रम ठरला. बाबांनी शांतव्वाच्या फोनमध्ये रिचार्ज मारला. चार दिवसांनी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘तुम्ही लोक परत कधी येणार?’ माझ्याकडे बघितले नाही. मी भांडी घासत होते, मी घासत राहिले.

काल पहाटे पाचला बाबा उठून पेपर आणायला म्हणून गेले. पेपर सातला येतो. साडेसहाला मी बाल्कावातून पाहिले तर वाटेवर पुढे भाग्या, मागे शांतव्वा डोक्यावर गाठोडे घेऊन आणि सर्वात मागे तुझे बाबा, हातात ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची पिशवी. दारात आल्यावर मला म्हणाले, ‘वाटेत भेटली, अनायासे.’ बसस्टँड आपल्या घरापासून तीन किलोमीटर आहे. भाग्या म्हणाली, ‘सर चार बसमध्ये चढून बघून आले.’

शांतव्वा आत गेली. आजीने तिच्या पदराला हात लावला आणि चक्क कोंकणीत म्हणाली, ‘खंय गेल्ले गो?’ अकरा दिवस आम्ही जीव टाकत होतो, आम्हाला कानडी. आणि कानडी बाई आल्यावर हिला कोंकणी आठवली!

आज सकाळी भोंगा वाजला. बाबांनी सहा उंडे घेतले आणि चार खाल्ले.

तुला वाटेल, आता बाबांचे मन पालटले. तसे काही नाही. जुलैच्या ग्रामसभेसाठी ते ठरावाची दुरुस्ती लिहीत बसले आहेत. भायल्यांचे दोन वर्ग करायचे, आवश्यक आणि अनावश्यक. आवश्यकच्या खाली पोदेर, पाडेली, गवंडी, प्लंबर, वाढपी, भटजी आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बायका. मायकवाला पोरगाही घेतला आहे, समोर कंसात फक्त ‘परिचित’ लिहिले आहे. दुसऱ्या वर्गाचे पान कोरे आहे. दुपारपासून पेन्सिल चावत बसले आहेत, एक नाव सुचत नाही. मी विचारले, आपला सर्वेश कोणत्या यादीत? म्हणाले, ‘तो तिथल्या पंचायतीचा विषय.’

पक्की प्रत करायला संध्याकाळी भाग्याला बोलावले आहे.

आता तुझ्या बॅगेचे. शालनच्या जावयाने तुझ्यासाठी पाच किलो कबूल केले होते, सामान झाले सहा. शांतव्वाने तुझ्यासाठी शेंगांच्या चटणीची बरणी दिली आहे. ‘दादा भायेर असतो, त्याला जेवणाचे कोण बघते?’ म्हणाली. मी म्हटले, चटणी पुढच्या वेळी पाठवू, काजू तर जायलाच हवेत. बाबांनी काजूचा डबा उचलून कपाटात ठेवला आणि चटणी पापडांच्या मध्ये नीट बसवली. वर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर स्वतःच्या हाताने, थरथरत्या का होईना, लिहिले: शेंगांची चटणी, घरची.

तिखट आहे. तुझ्या गुरुवारच्या आजीला देऊ नकोस.

तुझी,
आई